वस्तीसाठी एक रकाना

दुष्काळाच्या त्या वर्षी नांदेडला आमचं दोन माणसांचं सॉफ्टवेअरचं दुकान होतं. एक मी आणि दुसरा माझा भागीदार. आम्ही एकाच कॉलेजात शिकलो होतो आणि दोघांनाही पुण्याला जायचं नव्हतं. त्याला आईवडिलांमुळे, मला पुण्यामुळे. मेडिकल दुकानं, खतांची दुकानं, एखादं मंगल कार्यालय अशांना आम्ही बिलाचे प्रोग्राम करून द्यायचो. आमचं भांडण एकाच गोष्टीवरून होई आणि ते रोज होई. त्याचं म्हणणं, प्रोग्रामला सगळं करता आलं पाहिजे. गिऱ्हाईक उद्या काय मागेल सांगता येत नाही, म्हणून आजच सोय करून ठेवायची. माझं म्हणणं, समोरच्याला कुणालाही न विचारता तो वापरता आला पाहिजे. त्याच्या प्रोग्राममध्ये सेटिंगचं पान उघडलं की रेल्वेच्या इंजिनात चढल्यासारखं वाटायचं. माझा प्रोग्राम बघून तो विचारायचा, "बाकीचं कुठंय?"

लातूरच्या एका डाळमिलला आम्ही असाच प्रोग्राम दिला होता. मिलच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, पांढरा शर्ट, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. वाकलेला माणूस सहसा हो म्हणतो, हे त्यांना माहीत असावं.

अण्णांचं मूळ गाव जळकोट तालुक्यातलं. लातूर शहराला त्या वर्षी रेल्वेनं पाणी येत होतं आणि सगळ्यांचं लक्ष शहराकडं लागलं होतं. "रेल्वे जळकोटला जात न्हाई," अण्णा म्हणाले आणि त्यांनी ओळखीच्या चार व्यापाऱ्यांना धरून पाणी समिती काढली. समितीचे टँकर अहमदपूरच्या बाजूच्या विहिरींवर भरायचे आणि जळकोटकडच्या गावांना जायचे. कुठला टँकर कुठं पाठवायचा हे मिलच्या वजनकाट्याच्या खोलीत ठरायचं. तिथं एक फोन होता, एक फळा होता आणि एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना आम्ही बाई म्हणत असू. त्या रोज आपणहून येत. फळ्यावर डाव्या बाजूला गावं आणि उजव्या बाजूला टँकर, मध्ये खडूच्या रेघा. मिल सुरू झाली की फळ्यावर डाळीची भुकटी बसे आणि दुपारपर्यंत गावं दिसेनाशी होत.

अण्णांनी आम्हाला बोलावलं. "ताई, मला एकच बटन पाहिजे," ते म्हणाले. मी वाकून ऐकलं आणि हो म्हणाले.

पहिला प्रोग्राम भागीदारानं केला, कारण तो माझ्यापेक्षा भरभर काम करतो. त्यात टँकरची क्षमता होती, ड्रायव्हरचं लायसन्स होतं, गावाची लोकसंख्या, जनावरं, रस्त्याची अवस्था, पाण्याचा खारेपणा, सगळं होतं. लातूरला जाऊन त्यानं तो बाईंना दाखवला. बाईंनी चष्मा पुसला, स्क्रीन वरून खालपर्यंत वाचली, मग खालून वर वाचली.

"यात टँकर कुठंय?" त्यांनी विचारलं.

टँकर तिसऱ्या पानावर होता. अण्णा काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत की ते ऐकायलासुद्धा माणसं वाकत.

दुसरा प्रोग्राम मी केला. स्क्रीनवर फक्त गाव, टँकर आणि 'पाठवा' असं मोठं हिरवं बटण. ड्रायव्हरचा फोन आला की 'पोचला' असं दुसरं बटण. बाईंनी पहिल्याच दिवशी सगळे टँकर त्यावरून पाठवले आणि मला चहा पाजला. फळा गोदामात गेला आणि त्याच्यापुढं तुरीची पोती लागली. परतीच्या एसटीत मी इतकी खूश होते की शेजारच्या सीटवरच्या अनोळखी आजींनी मला, लग्न जमलं का, म्हणून विचारलं.

भागीदार मात्र हार मानणारा नव्हता. त्यानं कोपऱ्यात 'अधिक' असं एक बारीक बटण ठेवलं आणि त्याच्यामागं आपलं इंजिन लपवून ठेवलं. मी म्हटलं, ते काढ. तो म्हणाला, "कुणाला दिसतं का? मग खामखा कशाला तुला त्रास?"

त्याच सुमारास नव्या जिल्ह्याचं बोलणं जोरात सुरू झालं. उदगीर जिल्हा होणार, जळकोट त्यात जाणार, असं पानटपरीपासून कोर्टापर्यंत सगळे सांगत. हे बोलणं मी लहानपणापासून ऐकत होते, पण त्या वर्षी लोकांकडं बोलायला पाणी आणि जिल्हा हे दोनच विषय उरले होते आणि पाण्याबद्दल सगळं बोलून झालं होतं. अण्णा तर जिल्ह्यासाठी निवेदनं देऊन देऊन थकलेले. त्यांनी आम्हाला फोन केला. "उद्या जिल्हा जाहीर झाला तर आपल्या प्रोग्राममधी काय होतंय?"

"काही होत नाही अण्णा. झाला की आपण नाव बदलू."

"सरकार सांगून करत नसतंय ताई. आपल्याकडं तयारी पाहिजे."

भागीदार शेजारीच बसून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. दोन दिवसांत त्यानं 'अधिक'च्या मागं 'नवा जिल्हा लागू करा' अशी सोय केली. तिचं बटण दाबलं की ठरलेले तालुके, त्यातली गावं, एका झटक्यात नव्या जिल्ह्यात. मी त्याला म्हटलं, जो जिल्हा नाही त्याच्यासाठी तू बटण केलंस. तो म्हणाला, "होऊन राहिलाय ना."

माझ्या आईचं माहेरही जळकोट तालुक्यातलंच. वडील रेल्वेत नोकरीला म्हणून आम्ही नांदेडचे झालो, पण मामा गावातच राहिले. गावाच्या पश्चिमेला नाला, नाल्याच्या पलीकडं आमची बौद्धवस्ती. मामांचं घर वस्तीतलं शेवटचं. एका दुपारी त्यांचा फोन आला.

"काय गं माय, ते टँकरचं कंपुटर तूच केलीस म्हणं?"

"हाव मामा."

"मग त्याच्यात बघ बरं, आमच्या गावाला पाणी आलं म्हणून लिवलंय का?"

मी बघितलं. गावाच्या पुढं त्या दिवशीचं, आदल्या दिवशीचं, त्याच्या आदल्या दिवशीचं 'पोचला' होतं, हिरव्या अक्षरात.

"आलंय मामा."

"गावाला आलं," मामा म्हणाले. "आम्हाला न्हाई."

मग त्यांनी नीट सांगितलं. टँकर ग्रामपंचायतीजवळच्या विहिरीत रिकामा होतो. गाव उपसून घेतं. नाल्यापलीकडून बायका घागरी घेऊन येईपर्यंत तळाला चिखल राहतो. पूर्वी वस्तीवर हातपंप होता, तो उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच आटला. मामांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होते. मला तेच जड गेलं. फोन ठेवल्यावर मी माझी स्क्रीन उघडून बराच वेळ बघत राहिले. गाव, टँकर, पाठवा. वस्ती लिहायला त्यात जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी लातूरला गेले. अण्णा काट्याच्या खोलीतच होते, बाई फोनवर. मी म्हटलं, गावाच्या खाली आणखी एक रकाना करू या, टँकर कुठं रिकामा करायचा त्याचा.

अण्णांनी माझ्याकडं मायेनं बघितलं. "ताई, तुम्हीच म्हणल्या होत्या ना, जेवढं कमी तेवढं चांगलं. गाव म्हणजे गाव. त्यात परत वाटण्या कशाला? बाईंच्या डोक्याला ताप."

माझंच म्हणणं माझ्यासमोर इतकं हळू आवाजात मांडलं गेलं होतं की मला ते वाकून ऐकावं लागलं. वाकल्यावर मी हो म्हणाले नाही, एवढंच. मामांचं नाव सांगितलं असतं तर ती माझ्या घरची मागणी झाली असती, म्हणून तेही सांगितलं नाही. बाईंनी फोन ठेवला, आमच्याकडं बघितलं आणि पुढचा फोन घेतला.

नांदेडला आल्यावर भागीदार म्हणाला, "त्यात काय, 'अधिक'मध्ये टाकून देतो."

"तिथं कोण बघणार?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "पण सोय राहील."

त्या दिवशी मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

मग एका सकाळी जिल्हा झाला. म्हणजे मोबाईलवर तसा मेसेज आला. सही-शिक्का असलेला कागद, खाली गुलाल उधळणाऱ्या माणसांचा जुना फोटो. अण्णांनी मेसेज वाचला, मिलमधल्या हमालांना पेढे वाटले, उरलेला डबा घेऊन काट्याच्या खोलीत आले आणि बाईंना म्हणाले, "उठा जरा." बाई उठल्या. अण्णा त्यांच्या खुर्चीत बसले, 'अधिक' दाबलं आणि जिल्हा लागू केला. आयुष्यभर निवेदनं दिलेल्या माणसाला ते एकदा स्वतःच्या बोटानं करायचं होतं. त्यात मला आजही काही गैर वाटत नाही.

जळकोट तालुक्यातली सगळी गावं नव्या जिल्ह्यात गेली. टँकर आणि भरायच्या विहिरी लातूर जिल्ह्यातच राहिल्या. भागीदारानं पूर्वीच एक नियम घालून ठेवला होता, की एका जिल्ह्याचा टँकर दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ नये. परवानगीची भानगड होते म्हणून. नियम चांगला होता, पण त्यामुळं ती गावं बाईंच्या यादीतूनच गेली. बाईंनी खुर्चीत बसून पहिलं गाव टाईप केलं. स्क्रीननं सांगितलं, असं गाव नाही. दुसरं टाईप केलं. तेही नव्हतं. फोन वाजत होता आणि नसलेल्या गावांतली माणसं पाणी कधी येतंय म्हणून विचारत होती.

मला बाईंचा फोन आला तेव्हा मी मिलच्या बिलांच्या कामासाठी लातूरला जाणाऱ्या एसटीतच होते, लोह्याच्या पुढं. मी भागीदाराला फोन लावला.

"परत लातूर जिल्हा कसा करायचा?"

"तशी सोय नाही."

"तू सगळ्याची सोय ठेवतोस."

"जिल्हा झाला की परत घेतात का कुणी? मला काय माहीत!"

तो दुरुस्तीला बसला आणि मी अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचले, तोवर दुपार होऊन गेली होती. मेसेज खोटा निघाला होता. उदगीरहून कुणीतरी अण्णांना फोन करून, पेढे वाटू नका, असं सांगितलं होतं. अण्णा भिंतीकडच्या बाकावर पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी डबा पुढं केला. मी पेढा घेतला. नको म्हणायची ती वेळ नव्हती.

बाई मात्र काम थांबवून बसल्या नव्हत्या. फळा काढायचा तर तुरीची पोती हलवावी लागणार होती आणि हमाल पेढे खाऊन जेवायला गेले होते. म्हणून त्यांनी प्रत्येक ड्रायव्हरला फोन केला. स्क्रीन नव्हती, त्यामुळं सगळं बोलून सांगावं लागलं. अमक्या गावाला जा. कुठं रिकामा करशील?

"नेहमीच्या जागी," पहिला ड्रायव्हर म्हणाला.

"नेहमीची म्हणजे कुठली?"

हे त्यांनी आजवर कुणाला विचारलंच नव्हतं, कारण विचारायची वेळ आली नव्हती. ड्रायव्हरनं सांगितलं. मग बाईंनी विचारलं, आणि गावाबाहेर घरं असतील त्यांचं काय? तो म्हणाला, त्याचं मला काय माहीत बाई, मला कुणी सांगितलं न्हाई. दुसरा म्हणाला, वस्तीवर न्यायचा म्हणलं की गावातले लोक पाईप धरतेत. तिसरा म्हणाला, तांड्यावर रस्ता हाय, पण कंपुटरमधी तांडा न्हाई. प्रत्येक ड्रायव्हरकडं असं एखादं ठिकाण निघालं.

हे सगळं बाईंनी मला अण्णांसमोर सांगितलं, शाळा तपासणीचा अहवाल द्यावा तसं, एका सुरात. मग अण्णांकडं वळून म्हणाल्या, "अण्णा, ही त्या दिवशी म्हणत होती तो रकाना पाहिजे. माझ्या डोक्याला ताप होत नाही. मी चाळीस-चाळीस पोरांचे वर्ग सांभाळलेत."

अण्णा पेढ्यांच्या डब्याकडं बघत होते. "करा," ते म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की मला दोनदा विचारावं लागलं.

रकाना करायला भागीदार आणि मी पहिल्यांदाच एका खुर्चीवर आळीपाळीनं बसलो. त्यानं सुचवलं, यादी द्यायची. मी म्हटलं, ज्या गावात एकच ठिकाण आहे तिथं रकाना दिसताच कामा नये. जिथं वस्ती किंवा तांडा आहे तिथंच उघडावा, आणि आज गावात रिकामा झाला असेल तर उद्या वस्तीचं नाव आधी यावं. तो म्हणाला, हे माझ्यापेक्षा अवघड मागून राहिलीस तू. खरंच अवघड होतं. बाईंच्या स्क्रीनवर एक ओळ वाढली आणि तिच्यामागं आमचा आठवडा गेला. भागीदारानं आपणहून सगळीकडं 'मागे घ्या' असं बटण घातलं. नव्या जिल्ह्याचं बटण त्यानं काढून टाकलं.

नवा प्रोग्राम बसवायला मी लातूरला गेले त्या दिवशीच मामांच्या गावाचा पहिला टँकर वस्तीसाठी निघाला. मी बाईंच्या शेजारी बसले होते. थोड्या वेळानं ड्रायव्हरचा फोन आला. बाईंनी फोनचा आवाज मोठा केला.

"बाई, नाल्याच्या पुलावर लोकं आडवे झालेत. म्हणतेत, आधी गावातल्या विहिरीत सोड, मग उरलं तर पलीकडं ने."

"उरत नाही हे त्यांनाही माहीतंय," बाई म्हणाल्या. "त्यांच्यातल्या कुणालातरी फोन दे."

एक माणूस बोलायला लागला. पोटतिडकीनं बोलत होता. गावातही पाणी नव्हतं, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बाईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "हे बघा, कॉम्प्युटरमध्ये आज वस्ती पडलेली आहे. एकदा बटण दाबलं की मला ते बदलता येत नाही. टँकर दुसरीकडं सोडला तर 'पोचला' लागत नाही आणि 'पोचला' लागलं नाही तर उद्याचा टँकर निघत नाही. उद्या गावाचा नंबर आहे. बघा बाबा, काय करायचं ते."

तिकडं कुजबुज झाली. 'कंपुटरमधी पडलंय' हे शब्द दोनतीन तोंडांतून गेलेले आम्हाला ऐकू आले. मग ड्रायव्हर म्हणाला, "वाट सोडली बाई. निघालो."

बाईंनी फोन ठेवला. 'मागे घ्या' हे बटण त्यांच्या बोटाजवळच होतं, चांगलं मोठं, निळं. त्यांना ते दाखवून अर्धा तासही झाला नव्हता.

"बाई, पण बदलता येतं," मी म्हटलं.

"मला माहीतंय की," बाई म्हणाल्या. "त्यांना कुठं माहीतंय?"

त्यानंतरच्या आठवड्यात मी मामांकडं गेले. टँकर आला तेव्हा समाजमंदिराजवळच्या सिमेंटच्या टाकीभोवती घागरी, कॅन, पातेली, एका घरचा बाळाचा टबसुद्धा रांगेत होता. मामीनं मला पाहुणी म्हणून बसवलं नाही, पाईप धरायला उभं केलं. मामांनी सगळ्यांना सांगितलं की हिनंच कंपुटरमधी आपली वस्ती टाकली. कुणावर फारसा परिणाम झाला नाही. सगळ्यांचं लक्ष पाईपाकडं होतं. एका म्हातारीनं तेवढं माझ्याकडं वळून विचारलं, "आन् काढून तर न्हाई ना टाकणार कुणी?"

"न्हाई आजी," मी म्हटलं. त्यावेळी माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते पाण्याच्या आवाजात तिला सांगता येण्यासारखं नव्हतं.

"मग सकाळचं पाठवा की," ती म्हणाली. "दुपारी समद्या बाया कामावर असत्यात. आम्ही म्हाताऱ्या किती भरणार?"

मला वाटलं, वेळेचाही एक रकाना लागेल. नांदेडला फोन लावायला मी मोबाईल काढलासुद्धा. मग नांदेडऐवजी बाईंना फोन केला आणि बाईंनी ड्रायव्हरला. एक दिवस सोडून वस्तीचा पुढचा टँकर सकाळी सातच्या आत आला. ड्रायव्हर कुरकुरत उतरला, पाईप लावला आणि मामांच्या ओट्यावर टेकला. मामीनं चहा आणला. त्यानं आधी पुलाच्या दिशेनं बघितलं, तिकडं कुणी नव्हतं, मग कप घेतला. अर्धा चहा झाल्यावर म्हणाला, साखर जरा कमी हाय. मामी आत गेली आणि साखरेचा डबा घेऊन आली.